गाव करी ते राव न करी
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



मंदिराचे काम पार पडले, कळस चढला, आणि ज्याने त्याने यथाशक्ती हातभार लावला. अशा शुभप्रसंगी दूरदेशीच्या एका घराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ते देऊळ नव्हते, साधे राहते घर होते. परंतु तेही लोकवर्गणीतूनच वाचले. वाचवणाऱ्यांना पुढे काय काय निस्तरावे लागले, हे मात्र कोणत्याही गावाने ध्यानात ठेवावे असे आहे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे हे घर. नाव माउंट व्हर्नन. वॉशिंग्टन शहराच्या दक्षिणेस सुमारे पंधरा मैलांवर, पोटोमॅक नदीच्या काठी ते उभे आहे. घर लाकडाचे, परंतु पाइनच्या फळ्यांच्या कडा चिऱ्यांसारख्या तासून, ओल्या रंगावर वाळू मारून, पाहणाराला ते दगडी वाटावे अशी कारागिरी केलेली. १७९९ साली वॉशिंग्टन तेथेच वारले.

पुढे पन्नास वर्षांत घराची रया गेली. जमिनीचा कस उतरला, उत्पन्न घटले आणि डागडुजीला पैसा पुरेना. नदीकडच्या ओसरीचे खांब कुजले, तेव्हा जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू देऊन छप्पर सावरण्याची पाळी आली. मालक वॉशिंग्टन यांच्या भावाच्या वंशातले. हे घर सरकारने घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. केंद्र सरकारने घेतले नाही. व्हर्जिनिया राज्यानेही घेतले नाही. ज्यांच्या नावाने राजधानी वसली, त्यांच्या घराला वाली उरला नाही!

१८५३ साली साउथ कॅरोलायना राज्यातील एक बाई आगबोटीने तेथून चालल्या होत्या. चांदण्यात त्यांना ते पडके घर दिसले आणि त्यांचा जीव हळहळला. त्यांनी आपल्या मुलीला पत्र लिहिले, की देशातल्या पुरुषांच्याने हे घर राखवत नसेल, तर बायकांनी का राखू नये? मुलीचे नाव अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. तरुणपणी घोड्यावरून पडून तिच्या पाठीला कायमची दुखापत झालेली. बराच काळ अंथरुणावर जाई. त्या आजारी बाईने हे काम शिरावर घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात तिने वर्तमानपत्रातून देशातील स्त्रियांना आवाहन केले. खाली स्वतःचे नावही घातले नाही. ‘दक्षिणेतील एक गृहिणी’ अशा अर्थाची सही केली. त्या काळी तेथील स्त्रियांना मतदानाचा हक्कही नव्हता. तो देशभर मिळाला १९२० साली.

बाईंनी व्यवस्था पक्की लावली. माउंट व्हर्नन महिला मंडळ स्थापन झाले. प्रत्येक राज्यासाठी एक प्रमुख बाई नेमली आणि त्या त्या राज्यातील वर्गणी तिच्याकडे सोपवली. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या, तशी शाळकरी मुलांनीही आपली नाणी दिली. एडवर्ड एव्हरेट या नामांकित वक्त्याने वॉशिंग्टन यांच्या चरित्रावर एकच व्याख्यान गावोगाव १२९ वेळा दिले आणि सुमारे ६९,००० डॉलर मंडळाला मिळवून दिले. मालक प्रथम राजी नव्हते. अखेर १८५८ साली करार झाला. घर आणि भोवतालची २०० एकर जमीन, किंमत २ लाख डॉलर. इसार १८,००० डॉलर, बाकीचे हप्त्यांनी. २२ फेब्रुवारी १८६० रोजी, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी, मंडळाने घराचा ताबा घेतला.

ताबा मिळाला, पण घर रिकामे. जुन्या सामानापैकी वॉशिंग्टन यांचा मातीचा अर्धपुतळा, एक पृथ्वीचा गोल आणि फ्रान्समधील बॅस्टिल तुरुंगाची किल्ली अशा मोजक्या वस्तू राहिल्या होत्या. बाकीचे सामान नातलगांकडे आणि इतरत्र पांगलेले. ते शोधून परत आणण्याचे काम पुढे कित्येक दशके चालले.

तेवढ्यात १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. कनिंगहॅमबाई दक्षिणेत अडकून पडल्या. घरात राहिल्या मंडळाच्या चिटणीस सारा ट्रेसी. दोन्ही बाजूंचे सैनिक दर्शनाला येत. बाईंनी नियम केला, की हत्यार बाहेर ठेवूनच आत यायचे. चार वर्षे युद्ध चालले, पण त्या अंगणात कोणी कोणावर शस्त्र उगारले नाही. ज्या वास्तूसाठी दोन्हीकडच्या लोकांनी वर्गणी दिली, ती कोणा एकाची होऊ द्यायची नाही, हे त्या बाईंनी जाणले होते. गावात दोन तट पडतात तेव्हा पहिला घाला देवळावर येतो, हे सर्वांना ठाऊक आहेच.

वास्तू म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. १९५५ च्या सुमारास नदीच्या पलीकडच्या काठावर तेलाच्या टाक्या बांधण्याचा बेत निघाला. मंडळाच्या एक सदस्या फ्रान्सिस बोल्टन यांनी पुढाकार घेऊन तिकडची पाचशे एकरांच्या आसपास जमीन खरेदी केली. १९६१ मध्ये कायदा होऊन तेथे राष्ट्रीय उद्यानाची तरतूद झाली. म्हणून आजही ओसरीवरून पाहिले की समोर झाडीच दिसते.

आता या हकीकतीतील अवघड भाग. हे घर आणि ही शेती वॉशिंग्टन यांनी एकट्याने उभी केली नाही. १७९९ साली तेथे ३१७ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले होती. नांगर त्यांनी चालवला, विटा त्यांनी भाजल्या, स्वयंपाक त्यांनी रांधला. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावे असे लिहिले. बाकीच्यांपैकी बहुतेक पत्नीच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेले, त्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. या लोकांना वॉशिंग्टन यांच्या समाधीजवळच्या उतारावर पुरले जाई. थडग्यांवर नावे नाहीत.

मंडळाने घराची फळी न् फळी जपली. परंतु या जागेवर खुणेचा दगड बसवायला १९२९ साल उजाडले. तोही पुढे झाडोऱ्यात दिसेनासा झाला. १९८२ मध्ये एका वर्तमानपत्रातील लेखाने ही हेळसांड चव्हाट्यावर आणली. तेव्हा कोठे १९८३ साली तेथे नीटसे स्मारक झाले. २०१४ पासून शास्त्रज्ञ माती हलकेच बाजूला करून एकेका थडग्याची जागा निश्चित करू लागले. पुरलेल्यांची हाडे त्यांनी हलवली नाहीत. म्हणजे ताबा घेतल्यापासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी जीर्णोद्धार संपला नव्हता!

यातून मंडळाचा मोठेपणा कमी होत नाही. ते मंडळ आजही सरकारी अनुदानावाचून ती वास्तू सांभाळते. कनिंगहॅमबाई १८७५ साली वारल्या, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त मोडली नाही. चूक उशिरा का होईना, मंडळाने पदरात घेतली, हेही नोंदवण्यासारखे आहे.

देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी बसते. बसावीच, पैसा देणाराचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्यांनी डोक्यावरून खडी वाहिली, ज्या बायकांनी उन्हाळ्यात बांधकामाला पाणी भरले, ज्या गवंड्याने जुना चिरा न फोडता पुन्हा जागेवर बसवला, त्यांची पावती कोणी फाडली नाही. त्यांची नावे एका वहीत उतरवावीत आणि ती वही देवळातच ठेवावी. दरसाल उत्सवात जमाखर्चाचे जाहीर वाचन होईल, तेव्हा तीही वाचावी. पहिल्या पावसाळ्यात छप्पर कोण तपासणार, पन्हळी कोण साफ करणार, हेही आजच ठरावे.

हे काम लांबणीवर टाकू नये. नावे सांगणारी माणसे आज याच मांडवात बसलेली आहेत.

सर्वांचे कल्याण असो.