ड्रायरची जाळी आणि गटाची वही

आज आपण कपडे वाळवायच्या मोठ्या ड्रायरच्या साफसफाईबद्दल बोलणार आहोत. ज्या गटांनी लॉन्ड्रीचं काम घेतलंय किंवा घ्यायचं ठरवलंय, त्यांनी वही-पेन घेऊन बसा. बाकीच्यांनीही ऐका. कर्ज काढून घेतलेलं यंत्र सांभाळायची रीत सगळीकडे सारखीच असते.

बीडसारख्या उन्हाच्या जिल्ह्यात वाळवायला यंत्र कशाला, असं बायका विचारतात. घरच्या चार लुगड्यांना नकोच. पण श्रावणात परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा लॉजवरच्या चादरींचे ढीग पडतात आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. दवाखान्याच्या चादरी तर बाराही महिने निघतात. उन्हाळ्यात दोरीवर टाकल्या की वावटळ येते आणि पुन्हा धूळ बसते. चादरी वेळेवर आणि कोरड्या पोचल्या, तरच काम टिकतं. गावात असं काम टिकलं, तर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाला जाणं एखाद्या घराला तरी चुकतं. म्हणून हे यंत्र बंद पडून चालत नाही.

आता यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ. आपल्याला वाटतं, ड्रायर उष्णतेनं कपडे वाळवतो. नुसत्या उष्णतेनं कपडा भाजेल, वाळणार नाही. आत पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढतो, ती हवा तापते, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून जाते आणि ओल घेऊन पाइपातून बाहेर पडते. त्या हवेबरोबर कपड्याची बारीक लव सुटते. ती अडवायला ड्रमच्या खाली किंवा मागे जाळी असते. जाळी भरली की हवा अडते. हवा अडली की चाळीस मिनिटांच्या कामाला तास लागतो, वीजबिल वाढतं आणि आतली उष्णता आतच कोंडते.

ही लव म्हणजे बहुतेक कापूसच. कोरड्या कापसाला ठिणगी किती पुरते, हे कापूस घरात भरून ठेवणाऱ्या आणि जिनिंगवर काम केलेल्या बायकांना मी काय सांगू? अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात. तिथल्या सरकारी अग्निशमन विभागानं २००८ ते २०१० या तीन वर्षांचा हिशोब काढला. घरातल्या ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं. ते घरातले छोटे ड्रायर. आपलं यंत्र मोठं आणि दिवसभर चालणारं.

आता कामाची यादी लिहून घ्या. कोणत्याही सफाईआधी यंत्र बंद करा, मेन स्विच खाली पाडा आणि यंत्र थंड होऊ द्या. पदर खोचा, केस बांधा, बांगड्या काढून ठेवा.

रोजचं काम जाळीचं. प्रत्येक खेपेनंतर जाळीवरची लव हातानं किंवा मऊ ब्रशनं काढा. तारेचा ब्रश नको, जाळी फाटते. फाटलेल्या जाळीवर यंत्र चालवायचं नाही, कारण लव थेट पंख्यात जाते. काढलेली लव झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. चूल पेटवायला बरी म्हणून घरी नेऊ नका.

आठवड्याला जाळीच्या कप्प्यातले कोपरे आणि यंत्रामागची जमीन झाडून घ्या. जाळीवर साबणाचा चिकट थर बसला असेल, तर ती धुऊन पूर्ण वाळवून मगच बसवा.

महिन्याला पाइप बघा. पाइप पत्र्याचा, आखूड आणि कमी वळणांचा हवा. प्लास्टिकचा नको. बाहेरच्या तोंडाला डासांची जाळी लावू नका, ती लवेनं बुजते. मोटर, पट्टा आणि वायरिंग मात्र मेकॅनिककडूनच तपासून घ्या. अर्थिंग आहे का, तेही विचारा.

एक गोष्ट आपल्याकडची. धूळ येते म्हणून आपण खोलीची दारं-खिडक्या गच्च लावतो. मग पंख्यानं हवा ओढायची कुठून? आत येणाऱ्या हवेला मोकळी वाट ठेवा आणि धूळ रोज पुसा.

कपडेही बघून टाका. ड्रम पाऊण भरा. आधी धुलाईच्या यंत्रात नीट पिळून घ्या, तेवढी वीज वाचते. रबरी चादर, फोमची उशी ड्रायरमध्ये नको. बाळंतिणीच्या मालिशच्या तेलाची फडकी, स्वयंपाकघरातली तेलकट पुसणी धुतल्यावरही तेल धरून ठेवतात. अशी फडकी गरम गरम ढीग करून ठेवली, तर काही तासांनी आपोआप पेटू शकतात. ती बाहेर दोरीवरच वाळवा. बाकीचे कपडेही शेवटी थंड हवेवर फिरवा आणि लगेच बाहेर काढा. संध्याकाळी भरलेला ड्रम तसाच सोडून घरी जाऊ नका.

जळका वास आला, यंत्राचं वरचं अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा वाळायला वेळ वाढला, तर काम थांबवा. आत आग दिसली तर दार उघडू नका, हवा मिळाली की ती भडकते. जमलं तर मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. विजेच्या यंत्रावर पाणी टाकू नका.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही सफाई करायची कोणी? बहुतेक ठिकाणी जी कमी बोलते, जी नवी सून आहे, तिच्याच माथी ती पडते. बाकीच्या चादरी मोजून निघून जातात. मग एक दिवस ती माहेरी गेली की जाळी तशीच राहते. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि लेखे, सगळ्यांच्या आधी ‘नियमित’ हा शब्द आहे. तोच इथं लावा. पाळी ठरवा, अध्यक्ष-सचिवांचीही. भिंतीवर वही टांगा. तारीख, खेपा, जाळी साफ केली का आणि सही. किती मिनिटांत वाळलं तेही लिहा, म्हणजे वेळ वाढायला लागला की वहीच सांगेल. आणि सफाईचा अर्धा तास मजुरीत धरा. ज्या कामाचे पैसे लागतात, ते काम टळत नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि पहिली पाळी कोणाची, ते तिथंच लिहून टाका.