सतपुड्याचे खनिज



सतपुड्याच्या खनिजसंपत्तीचा विषय निघाला, की दृष्टी सहजच पूर्वेकडे वळते. बालाघाटचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे, पेंच खोऱ्यातील कोळसा हे या पर्वतराजीचे प्रसिद्ध वैभव होय. त्या मानाने बुऱ्हाणपूरच्या वाट्याला काळा पाषाण तेवढा आला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खनिज म्हणजे खणून काढलेले, हा मूळ अर्थ ध्यानी घेतला, तर या नगरीनेही सतपुड्यातून एक अमोल वस्तू मिळविली आहे. ती वस्तू म्हणजे पाणी.

जहांगीरच्या राजवटीत, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या आश्रयाने तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भवेत्त्याने कुंडी भंडाऱ्याची योजना आखली. डोंगरात मुरून पायथ्याकडे झिरपणारे पाणी त्याने भूगर्भातच अडविले आणि बोगद्यावाटे शहराकडे आणले. बोगद्यावर ठरावीक अंतराने खणलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांनी हवा खेळती राहिली व सफाईस वाट मिळाली. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत आले. मलिक अंबरने खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, नहर बांधली तीही याच विद्येने.

धातूची खाण आणि पाण्याची खाण यांत मात्र एक मोठा भेद आहे. बालाघाटचे मँगनीज एकदा उपसले, की माणसाच्या हिशेबात ते कायमचे संपते. पाणी दर पावसाळ्यात भरून येते. अट एवढीच, की डोंगरावर झाडे व माती टिकावी आणि उपसा पावसाच्या देण्याहून अधिक होऊ नये. केळीच्या बागांनी तापीकाठ संपन्न झाला हे खरे. परंतु खोल खोल जाणाऱ्या कूपनलिकांनी ती अट मोडली आहे. पाणीही आता मँगनीजासारखेच उपसले जात आहे. कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढतात. सफाई थांबली, की पाण्याची वाट अरुंद होते.

२०२४ मध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी तापी पुनर्भरण योजनेचा करार केला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि, करार झाला म्हणून उपसा आपोआप कमी होत नाही.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे निराळे सांगावयास नको. नेलेले पुस्तक परत येते, म्हणूनच कपाट शंभर वर्षे भरलेले राहते. सतपुड्याचे पाणीही असेच, परत करण्याच्या बोलीवर घेतलेले आहे.