फाटकासमोरची गाडी



सकाळी साडेसहाला शाळेची व्हॅन आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून हॉर्न वाजवत राहते, कारण तिला आत वळता येत नाही. थोड्या वेळाने घंटागाडीचंही तेच होतं. मग कुणाच्या तरी फाटकापाशी आवाज चढतो, "ही गाडी कुणाची आहे हो?" आणि वरच्या मजल्यावरच्या तीन-चार खिडक्या उघडतात. पुण्यात राहणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. इथे नोंदवलेल्या वाहनांची संख्या २०१८ च्या सुमारास शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि आमची गल्ली काही तेव्हापासून रुंद झालेली नाही.

गाडी कुठेही लावून निघून जाणाऱ्या शेजाऱ्याशी वागायचं कसं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. दारासमोरचा रस्ता त्याच्या मालकीचा नाही, तसा तो आपल्याही मालकीचा नाही. पण आपल्या फाटकातून बाहेर पडता येणं हा आपला हक्क आहे. तो आधी तोंडाने मागावा, वेळेवर मागावा आणि नेमका मागावा. कायदा त्यानंतर आहेच, आणि तो बऱ्यापैकी आपल्या बाजूचा आहे.

आधी रस्त्याचं माप बघू. मी टेप घेऊन आमची गल्ली मोजली. ती वीस फूट भरली. लहान मोटार आरशांसकट सहा फूट जागा खाते. दोन्ही बाजूंना अशा मोटारी लागल्या की मधे उरतात आठ फूट, तेही सगळ्यांनी अगदी भिंतीला चिकटून लावल्या तर. अग्निशमन दलाचा मोठा बंब आठ फुटांहून थोडा जास्तच रुंद असतो. म्हणजे रोज रात्री दहानंतर, दोन्ही बाजू भरल्या की, आमच्या गल्लीत बंब येऊ शकत नाही. आणि बंब नुसता आत शिरून भागत नाही. जवानांना त्याच्या दोन्ही अंगांची कपाटं उघडून पाइप बाहेर काढायचे असतात, त्यासाठी बाजूला माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा लागते. एकाच बाजूला गाड्या लावल्या तर मात्र चौदा फूट उरतात, आणि त्यात हे सगळं होतं. अडचण असलीच तर ती दुसऱ्या बाजूच्या रांगेची आहे.

मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका आजींचं पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका वेळेत आली, पण कोपऱ्यापर्यंतच. पुढे कुणीतरी आधीच लावलेल्या गाडीच्या बाजूला दुसरी मोटार उभी करून ठेवली होती, आणि तिचा मालक गावाला गेला होता. आजींना स्ट्रेचरवरून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं. शेजारच्या मुलांनी चारी बाजूंनी स्ट्रेचर धरलं होतं, एक वहिनी छत्री घेऊन बरोबर चालत होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला आजी कळवळत होत्या. गाडीचा मालक दोन दिवसांनी परत आला, त्याला सगळं कळलं, तेव्हा तो आजींना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेला. तो माणूस वाईट नाही. गाडी लावताना त्याने फक्त आपली गाडी पाहिली, तिच्या मागचा रस्ता पाहिला नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण भांडण सुरू होतं तेव्हा समोरचा माणूस उद्दामच आहे असं आपण धरून चालतो. काही असतातही. पण बहुतेकांची गाडी रस्त्यावर का येते हे पाहिलं तर कारणं इमारतीच्या आतच सापडतात. जिथे एक बंगला आणि फार तर एक स्कूटर होती, तिथे पुनर्विकासात बारा फ्लॅट झाले, आणि प्रत्येक घरात एक मोटार आणि दोन दुचाक्या आल्या. आत यांत्रिक पार्किंग केलेलं असतं. ते कधी बंद असतं, आणि चालू असलं तरी खालची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही. मग सकाळी लवकर कामावर जाणारा माणूस रात्री गाडी बाहेरच लावतो. भाडेकरूला फ्लॅट मिळतो, पार्किंग मात्र मालक स्वतःकडे ठेवतो. आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या दारावर एक पाटी असते, 'पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत'. बाहेर म्हणजे कुठे? तर शेजारच्या फाटकासमोर. खरं तर बांधकामाच्या नियमांत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा ठेवण्याची तरतूद असते, नकाशात ती दाखवलेली असते. पुढे ती जागा कुणाच्या तरी दुसऱ्या मोटारीला जाते आणि पाहुणा रस्त्यावर येतो. माझ्या मते ही पाटी लावणारी सोसायटी शेजाऱ्याच्या त्रासाची पहिली वाटेकरी आहे. तिने आधी आपली पाहुण्यांची जागा मोकळी करावी.

सोसायटीच्या आतल्या जागेबद्दल एक निकाल सगळ्यांना माहीत असायला हवा. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगितलं, की मोकळ्या जागेतलं आणि इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे. म्हणजे ती कशी वाटायची हे सभासदांनी बसून ठरवायचं असतं. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करावं, पहिली मोटार सगळ्यांची लागल्यावर मगच कुणाच्या दुसरीचा विचार करावा. जी सोसायटी हे वार्षिक सभेत नीट ठरवते, तिच्यासमोरचा रस्ता बराच मोकळा राहतो, हे मी सेक्रेटरी असताना पाहिलं आहे.

आता बोलण्याकडे येते. आमच्याच गल्लीतल्या एका घरी वडिलांना मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी डायलिसिसला न्यावं लागतं. समोरच्या काकांची गाडी नेमकी फाटक अर्धं झाकून लागलेली असायची. मुलगा आतल्या आत चडफडत राहायचा, काचेवर चिठ्ठ्या लावायचा, पण समोर जाऊन बोलायचा नाही. शेवटी त्याची बायको संध्याकाळी त्यांच्याकडे गेली, दारात उभी न राहता आत जाऊन बसली आणि म्हणाली, "काका, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता बाबांना डायलिसिसला न्यायचं असतं. त्यांना पायऱ्या उतरून चार पावलंही चालवत नाही, गाडी आत फाटकापर्यंत आणावी लागते. सोमवारी आणि गुरुवारी रात्री तुमची गाडी त्या कडुनिंबापाशी लावाल का?" काका म्हणाले, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस? चिठ्ठीत नुसतं 'गेटसमोर गाडी लावू नये' लिहिलं होतं. मला वाटलं, उगाच हुकूम सोडताहेत." त्या दिवसापासून गाडी कडुनिंबापाशी लागते, आणि आता फक्त त्या दोन रात्री नव्हे, रोजच.

या बोलण्यात काय होतं ते पाहा. वार होते, वेळ होती, कारण होतं, आणि गाडी कुठे लावता येईल तेही सांगितलेलं होतं. "तुम्ही नेहमी असंच करता" हे वाक्य नव्हतं. आणि ते बोलणं संध्याकाळी झालं, सकाळी सात वाजता डायलिसिसची वेळ टळत असताना, हॉर्नवर हात ठेवून झालं नाही. शेजाऱ्याशी पहिलं बोलणं भांडणाच्या वेळी करू नये. गाडीचा मालक कोण हेच ठाऊक नसेल तर वॉचमनला विचारावं, इस्त्रीवाल्याला विचारावं. गल्लीतली गाडी कुठल्या घराची हे त्यांना हमखास माहीत असतं.

चिठ्ठ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. चिठ्ठीला चेहरा नसतो, तिचा राग चटकन येतो. आणि 'हवा सोडण्यात येईल' अशा पाट्यांबद्दल तर स्पष्ट सांगते. दुसऱ्याच्या चाकातली हवा सोडणं, काचेवर ओरखडे काढणं, वायपर वाकवणं हा आपल्याकडून घडलेला गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये दुसऱ्याच्या वस्तूचं असं नुकसान करण्याला शिक्षा आहे. तक्रार आपली खरी असते, आणि एका रात्रीत आपणच आरोपी होतो. रस्त्यावर कुंड्या, सिमेंट भरलेले टायर, साखळ्या टाकून जागा राखणंही तसंच चूक आहे. तो रस्ता महानगरपालिकेचा आहे, आपल्या कुंडीने तो आपला होत नाही. शेजाऱ्याने फाटक अडवलं तर आपण बोलावं, पण आपल्या कंपाउंडच्या भिंतीलगतच्या सरळ रस्त्यावर, जिथे पार्किंगला मनाई नाही, तिथे त्याने नीट गाडी लावली तर आपला काही हक्क जात नाही. हे मान्य करणं अनेकांना जड जातं. पण ते मान्य केलं की उरलेली मागणी ठामपणे करता येते.

आणि बोलूनही तो ऐकत नसेल तर? मग संकोच धरू नये. मोटार वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या आवाराच्या प्रवेशद्वारासमोर, पदपथावर, चौकाच्या वळणाजवळ किंवा उभ्या गाडीच्या बाजूला गाडी लावता येत नाही. तिथे 'नो पार्किंग'ची पाटी असो वा नसो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे नो पार्किंगमध्ये उभी असलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. सार्वजनिक वाट अडवण्याचा दंड जुन्या भारतीय दंडविधानात दोनशे रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो पाच हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

तक्रार करताना फोटो असा घ्यावा की गाडीचा नंबर आणि आपलं फाटक दोन्ही एकाच चित्रात दिसतील. तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. फाटक अडल्यामुळे कुणाला दवाखान्यात न्यायचं अडलं असेल तर थेट ११२ ला फोन करावा. एरवी आपल्या भागातल्या वाहतूक विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचं पुढे काही उरत नाही. महिनोन्‌महिने कव्हरखाली धूळ खात पडलेली, चाकं बसलेली गाडी असेल तर महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सांगावं. नोटीस चिकटवून अशी वाहनं उचलली जातात.

पण एकट्याच्या तक्रारीपेक्षा गल्लीने मिळून केलेला अर्ज जास्त चालतो, असा माझा अनुभव आहे. पुण्यात अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ च्या पाट्या आपण पाहतो. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. अरुंद गल्लीसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही, कारण कुणाच्याच दारासमोर कायमची रांग राहत नाही आणि मधला रस्ता रोज मोकळा असतो. वाहतूक पोलीस असा आदेश काढण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवतात. अर्जावर दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांच्या सह्या असल्या तर हरकतीला फारसं काही उरत नाही. सरकारी पाटी येईपर्यंत गल्लीने आपसांतही हे पाळायला हरकत नाही. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते तेव्हा लागोपाठ दोन दिवस बाजू बदलत नाही, एवढीच गोष्ट सगळ्यांना आधी सांगून ठेवावी.

मोठा उपाय अर्थात सरकारच्या हातात आहे. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार घेणाऱ्याला गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि पोलीस ती जाऊन पाहतात. आपल्याकडेही जागेचा पुरावा नसेल तर नोंदणी नको, असा विचार राज्याच्या परिवहन खात्याने २०२५ मध्ये बोलून दाखवला. तो मला मनापासून पटतो. ज्याला मोटार परवडते त्याला तिची जागाही परवडायला हवी. ती जागा त्याने शेजाऱ्याच्या दारातून काढून घेऊ नये. असा नियम आला तर काहींची गैरसोय होईल, ती सोसावी.

तोवर श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. आज रात्री गाडी लावाल तेव्हा काचेच्या आत तुमचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. उतरल्यावर एकदा मागे वळून समोरच्या फाटकातून गाडी निघते का, आणि गल्लीतून बंब जाईल का, ते पाहा. आणि ज्या शेजाऱ्याबद्दल तुमची तक्रार आहे, त्याच्याकडे या रविवारी संध्याकाळी प्रत्यक्ष जा.