दुरुस्ती झाली, पण कशाची?



सॉफ्टवेअर हा माझा व्यवसाय, म्हणून त्याचीच मर्यादा सांगते. अमेरिकेत शेवरोले बोल्ट या विजेवरच्या काही गाड्यांना आगी लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावल्या. सॉफ्टवेअरने चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखले. पुढे बॅटरीतला बिघाड ओळखणारे सॉफ्टवेअर आले. तरीही २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या दोन गाड्या पेटल्या. दोष सेलच्या आत होता: फाटलेला अ‍ॅनोड टॅब आणि दुमडलेला सेपरेटर. सॉफ्टवेअर फार तर इशारा देईल, फाटलेले जोडणार नाही. अखेर बॅटरीचे मॉड्यूलच बदलायचे ठरले.

शाळेत उत्तर बरोबर आले तरी बाई रीत विचारत. गाडी दुरुस्त होऊन आली की तसेच विचारा: भाग बदलला, की फक्त सॉफ्टवेअर? उत्तर लेखी घ्या.