शेजार हत्तीचा

तिळारीच्या खोऱ्यात रात्री पोफळ मोडल्याचा कडाड् आवाज होतो, तेव्हा घरात दिवा लागतो. पण दार उघडत नाही. हत्ती बागेत शिरला, हे सर्वांनी ओळखलेले असते. सकाळी बागायतदार जाऊन पाहतो, तो केळी आडव्या झालेल्या आणि कोवळे माड उन्मळून पडलेले. माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. तो मोडायला हत्तीला क्षणही पुरतो.

हा शेजार फार जुना नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातील अरण्यांतून काही हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात उतरले. मागे धरणे, रस्ते आणि शेते यांनी रानाचे तुकडे पडले होते. पुढे तिळारीचे पाणी, बांबूची बेटे आणि केळीच्या बागा होत्या. प्रौढ हत्तीला दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा लागतो. अशा पाहुण्याचा पाय या खोऱ्यातून निघेना, यात नवल ते काय?

प्रारंभी सर्वांना एकच उपाय दिसला, हत्तीला हाकलण्याचा. मशाली पेटल्या, फटाके उडाले, चर खणले गेले. २०१५ साली कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यात, शिकवलेल्या हत्तींच्या साहाय्याने तीन रानहत्ती पकडण्यात आले. त्यांपैकी दोन बंदिवासातच दगावले. तरीही दोडामार्गाचा प्रश्न उरलाच. २०२५ साली त्या तालुक्यात एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात बळी गेला आणि त्याच वर्षी एक तरुण टस्कर गोव्यातील पेडणे तालुक्यात जाऊन पोहोचला. एका गावाने हाकललेला हत्ती दुसऱ्या गावाच्या बागेत शिरतो. राज्याची सीमा त्याला ठाऊक नसते.

मग टिकाऊ उपाय कोणता? तामिळनाडूतील अण्णामलै डोंगरात वालपराई नावाचे चहामळ्यांचे पठार आहे. तेथेही हत्तींनी माणसे मारली. अभ्यासकांनी त्या घटना तपासल्या, तेव्हा असे आढळले की, बहुतेक माणसांना हत्ती जवळ असल्याची कल्पनाच नव्हती. अंधारात घरी परतताना अवचित गाठ पडली आणि घात झाला. म्हणून तेथे हत्तींचा ठावठिकाणा दूरध्वनीवरून गावकऱ्यांना कळवण्यास आरंभ झाला. मोक्याच्या ठिकाणी तांबडे दिवे उभारले. हत्ती जवळ आला की दिवा लागतो आणि लोक वाट बदलतात. सावधगिरीची ही सवय गावकऱ्यांनीच अंगी बाणवली, म्हणून ती टिकली.

तिळारीला हा धडा उपयोगी आहे. पण तो एकटा पुरणार नाही. दिव्याने प्राण वाचतील, पोफळी वाचणार नाहीत. त्यासाठी गावाने मिळून राखलेले सौर कुंपण हवे, हत्तीच्या नित्याच्या वाटा मोकळ्या हव्यात आणि महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या वनखात्यांचा विचार एक हवा. याहून निकडीची गोष्ट म्हणजे भरपाई. मोडलेल्या माडाची किंमत त्या दिवशीच्या नारळांवरून नव्हे, त्याने पुढे दिले असते त्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरली पाहिजे आणि पैसा पुढील लागवडीपूर्वी हाती पडला पाहिजे. हत्तीचे रक्षण साऱ्या देशाला हवे असेल, तर त्याच्या भोजनाचे देणे एकट्या बागायतदाराने का द्यावे?

हे देणे वेळेवर चुकते झाले, तर रात्री कडाड् आवाज झाल्यावर बागायतदार दार लावून स्वस्थ बसेल. हत्तीवर धावून जाण्याचे साहस त्याला करावे लागणार नाही.