आधी नोंदणी, मग जाहिरात

सुट्ट्या जवळ आल्या की गोव्याला जायचे बेत सुरू होतात. आता हॉटेलांना फोन कोण लावत बसतो? मोबाइल उघडला की शिवोली, आसगाव, कांदोळी इथली घरं फोटोंसकट समोर येतात. तरणतलाव, माड, एका रात्रीचं भाडं, सगळं दिसतं. घर भाड्यानं द्यायची परवानगी घेतली आहे की नाही, तेवढं दिसत नाही.

गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ पासून आहे. पैसे घेऊन पाहुणे उतरवायचे, तर पर्यटन खात्याकडे नोंद करायची. अशा घरांचं बुकिंग घेणारी एअरबीएनबी कंपनी निघाली २००८ मध्ये, तीही सान फ्रान्सिस्कोत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती असणं शक्यच नव्हतं.

अशा घरांमुळे गावात काय होतं, ते शेजाऱ्याला विचारावं. मालक दिल्लीला किंवा मुंबईला. फाटकाला आकड्यांच्या कुलपाची एक डबी टांगलेली, चावी त्यात. रात्री दोनला टॅक्सी येते, बॅगांची चाकं खडखडतात, मग गाणी. तक्रार करायला जावं तर दारात भेटतो तो कालच आलेला पाहुणा. त्याला ना गाव ठाऊक, ना मालक. सकाळी बाटल्या आणि ओला कचरा एकाच पिशवीत रस्त्याकडेला. बिल मात्र घरगुती विजेचं! आणि अकरा महिन्यांच्या करारावर घर शोधणाऱ्या गावच्याच शिक्षिकेला घर मिळेनासं होतं, कारण चार वीकएंडमध्ये तिच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त सुटतात.

म्हणून सरसकट बंदी घालावी का? बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर राहणार नाहीत. मला हे टोकाचं वाटतं. आपल्याकडे महाराष्ट्रात न्याहारी निवास योजना आहे. कोकणात या योजनेतल्या घरात मालकीण स्वतः असते, घावन तीच घालते आणि रात्री दंगा झाला तर दार वाजवायलाही तीच येते. अशा घराला बंदीची काय गरज? न्यूयॉर्कनं हाच धागा पकडला. सप्टेंबर २०२३ पासून तिथं तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर घरात राहणारा माणूस हजर हवा, पाहुणे दोनच, आणि नोंद नसलेल्या घराचं बुकिंग कंपनीनं घेतलं तर दंड कंपनीलाही.

हे शेवटचं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपले अधिकारी घरोघर फिरून किती घरं शोधणार? शोधली तरी त्यातून चिरीमिरीला वाव मिळतोच. कंपनीकडे मात्र प्रत्येक घराचा पत्ता, प्रत्येक रात्रीचा हिशेब तयार असतो. स्पेनच्या सरकारनं २०२५ मध्ये ६५ हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकायला सांगितलं, ते घरमालकांना नव्हे, थेट एअरबीएनबीला. कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त गाठ घालून देतो. मग आपला जीएसटी कायदा पाहा. घरमालक जीएसटीत नोंदलेला नसेल, तर अशा मुक्कामावरचा कर भरायची जबाबदारी बुकिंग घेणाऱ्या कंपनीचीच आहे. करासाठी जबाबदार, तर नोंदणीसाठी का नको? नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय जाहिरात झळकूच नये, एवढी एक ओळ १९८२ च्या कायद्यात घातली तरी बरंच काम होईल. मात्र नोंदणी मोबाइलवरच व्हायला हवी. एक खोली देणाऱ्या म्हातारीला पणजीला खेटे घालायला लावू नयेत.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी बुकिंगचे पैसे भरण्याआधी घरमालकाला विचारा, पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक काय? उत्तर आलं नाही, तर दुसरं घर बघा.