विषाणूंवरील पहारा



पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. रुग्णाच्या घशातील स्राव बर्फात जपून येथे आणला जातो. त्यातील विषाणू ओळखणे, तो वाढविणे आणि त्याचे रूप पालटले आहे काय हे पडताळणे, हे येथील नित्यकर्म होय. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणूनच लशीत कोणते वाण घालावे, याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेला देशोदेशींच्या अशाच नोंदींवरून वर्षातून दोनदा घ्यावा लागतो.

बहुतेक दिवशी या नोंदींत नवे काहीच नसते. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ३० जानेवारी २०२० रोजी मिळाले. वूहानहून केरळात परतलेल्या एका व्यक्तीच्या नमुन्यात नवा करोना विषाणू असल्याचे निदान याच संस्थेने केले. भारतातील तो पहिला रुग्ण. संकट दारी आल्यावर प्रयोगशाळा उभारून भागत नाही; हात आधीच सरावलेले असावे लागतात.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी आमच्या वह्या तपासण्यात एक दिवसही खंड पडू दिला नाही. तेव्हा आम्ही कुरकुरत असू. त्या शिस्तीचे मोल आज कळते.